एका माइकभोवती पाच जण

बँजोवाला शांत बसलेला मी कधी पाहिला नाही. आपल्याकडे मिरवणुकीत वाजतो तो बेंजो नव्हे. त्याचा बँजो लांब मानेचा, पाच तारांचा, तोंडावर डफासारखं चामडं ताणलेला. वाजवताना उजव्या हाताच्या बोटांत तो धातूच्या नख्या घालायचा आणि वाजवणं थांबलं तरी त्या काढायचा नाही. मग कॉफीच्या कपावर, गॅरेजच्या पत्र्यावर, स्वतःच्या गुडघ्यावर त्या टकटक करत राहायच्या. दिवसा तो पाइपलाइनचे वेल्डिंगचे जोड तपासायचा. त्याची बायको म्हणायची, हा झोपेतही गादी वाजवतो. मला त्याची चीड यायची, कारण त्या वर्षी माझीही तीच गत होती आणि मला तर टकटक करायलाही काही नव्हतं.

तेलाचे भाव भडकले होते आणि सौदीतल्या धाहरानला माणसं नुसती ओतली जात होती. ह्यांना तिथल्या तेल कंपनीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअरची नोकरी लागली, कॅम्पात घर मिळालं, आणि लग्नाला पुरते सहा महिने व्हायच्या आत हे निघून आले. मी तेव्हा रेडिओवर व्हायोलिनवादक होते. गायक गाणार, मी साथ करणार. पगारी नोकरी होती, माझी स्वतःची होती. मी एक वर्षाची बिनपगारी रजा घेतली आणि मागोमाग आले. वर्ष संपलं की एक तर परत रुजू व्हायचं, नाहीतर राजीनामा पाठवायचा. ह्यांना इथं ठेवून जायचं, की व्हायोलिन कपाटावर ठेवून इथं राहायचं, एवढाच प्रश्न होता आणि तो वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी बसून असायचा. दोघंही त्याच्याकडे बघायचो आणि भाजी वाढून घ्यायचो.

घर खायला उठायचं. एअर कंडिशनरची घरघर सकाळपासून कानात, बाहेर एकसारखी घरं, एकसारखे हिरवळीचे चौकोनी तुकडे, त्याच्यापलीकडे कुंपण. कॅम्पाच्या आत बायका गाडी चालवायच्या, पण फाटकापर्यंतच. फाटकाशी गाडी वळवायची आणि परत. मला गाडी येत नव्हती, म्हणून मी चालायचे. फाटकापर्यंत जायचे, पहारेकरी माझ्याकडे बघायचा, मी घड्याळात बघितल्यासारखं करायचे आणि उलटी फिरायचे. घरी आले की पुन्हा चप्पल घालावीशी वाटायची. हे कामावरून येऊन विचारायचे, "आज काय केलंस?" इतका साधा प्रश्न, पण मला तोंडात मारल्यासारखा लागायचा.

ह्यांच्या ऑफिसात एक गोवेकर ड्राफ्ट्समन होता. बॅचलरांच्या क्वार्टर्समध्ये राहायचा, म्हणून कधीमधी गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे माशाच्या आमटीला यायचा. एकदा हात पुसता पुसता त्यानं कपाटावरची केस पाहिली.

"वहिनी, व्हायोलिन कोणाचं?"

"माझं."

तो एकदम पुढं झाला. म्हणाला, "आमच्या बँडाक फिडल जाय, म्हणजे व्हायोलिनच. आमचा फिडलवाला घरी गेला गो, काँट्रॅक्ट खलास. वसंतात हॉलमध्ये प्रोग्राम आहे."

मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "येईल की. तिला वेळच वेळ आहे."

ते खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. पण रागाच्या भरात नाही म्हणायचं तर पुन्हा फाटकच होतं. मी हो म्हटलं.

बँजोवाल्याच्या गॅरेजमध्ये गुरुवारी रात्री त्यांची तालीम चालायची. गाडी बाहेर काढून ठेवायची आणि आत चार माणसं. ते जे वाजवायचे त्याला ब्लूग्रास म्हणतात हे मला तिथं कळलं. अमेरिकेच्या डोंगराळ मुलखातलं संगीत. सगळी तंतुवाद्यं, ताल धरायला ना तबला ना ड्रम, आणि लय अशी की कुणीतरी पाठीमागं लागलंय. मी आपल्या सवयीनं सतरंजी नेली होती. ती जमिनीवर अंथरली, मांडी घातली, उजवा पाय पुढं काढला आणि व्हायोलिनचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकवलं. चौघंही माझ्याकडे बघत राहिले. व्हायोलिन माणसं हनुवटीखाली धरतात एवढंच त्यांनी पाहिलेलं.

मी त्यांच्या पट्टीला तारा जुळवल्या. सा, प, सा, प, आमच्या पद्धतीप्रमाणं. जुळवून झाल्यावर सगळ्यांवरून एकदा गज फिरवला, आणि बँजोवाल्याच्या नख्यांची टकटक थांबली. तो खुर्चीवरून उतरून माझ्यासमोर गुडघे टेकून बसला. पुन्हा वाजव म्हणाला. मग म्हणाला, त्याचा आजा काही गती वाजवायच्या आधी फिडल अशीच जुळवायचा. डोंगरातल्या घराच्या ओसरीवर बसून. आजा गेल्यावर तशी जुळवलेली फिडल त्यानं ऐकली नव्हती. त्याचं इंग्रजी मला निम्मं कळत नसे, सगळे शब्द नाकातून आणि एकमेकांत गुंतलेले, पण हे कळलं. आज्याकडूनच तो बँजो शिकला होता. आज्याला कुणी शिकवलं ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच्या बँजोवर एक आखूड तार होती, ती अंगठा सारखी छेडत राहायचा. ती नीट ऐकली तर तो षड्जच होता, मध्येच जागा दाखवत राहणारा. तेव्हापासून माझी त्याच्यावरची चीड निम्म्यानं कमी झाली.

बाकीच्यांची घराणी मला हळूहळू कळली. गिटार वाजवून गाणारा उंच माणूस तेलाच्या विहिरी खोदायच्या कामावर होता. त्याचे वडील धर्मोपदेशक. त्यांच्या देवळात वाद्याला बंदी, नुसतं तोंडानं गायचं, एकाच वेळी चार वेगळ्या सुरावटींत, छप्पर उडेल असं. गिटार तो मक्याच्या कोठारात लपून शिकला आणि पकडला गेल्यावर मार खाल्ला. गाताना त्याचा आवाज इतका वर जायचा, की शेताच्या पलीकडच्या माणसाला जेवायला हाक मारतोय असं वाटावं. उभा बास, म्हणजे माणसाएवढं जाड तारांचं व्हायोलिनच, वाजवणारी कंपनीच्या हॉस्पिटलात नर्स होती. ती शहरातली. शाळेच्या ऑर्केस्ट्रात चेलो वाजवायची आणि हे डोंगरी संगीत तिनं अमेरिकेत असताना कधी ऐकलंही नव्हतं. वाळवंटात येऊन शिकली, कारण संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं. आमचा गोवेकर मँडोलिन वाजवायचा. चर्चच्या शाळेत स्वरलेखन शिकलेला, गावच्या फेस्तांत, चर्चच्या जत्रांत वाजवलेलं, मग मुंबईच्या हॉटेलात नाचाच्या बँडमध्ये. लिहिलेलं संगीत वाचता येणारे ते दोघंच. अमेरिकन पुरुष त्यांना म्हणायचे, कागद बाजूला ठेवा आणि कान उघडा. हे वाक्य माझ्या गुरुजींचंच होतं, फक्त गुरुजी त्यापुढं एक शिवी घालायचे.

मग त्यांनी मला विचारलं, तुझं काय? मी मिरजेची, गुरुजींच्या घरी शिकले, हे सांगितलं. पण साथ म्हणजे काय, हे सांगता येईना. गुरुजी सांगायचे, साथीदारानं सावलीसारखं राहावं. माणूस थांबला की सावली थांबली पाहिजे, माणसाच्या पुढं गेलेली सावली म्हणजे संध्याकाळ झाली. मी रेडिओवर मोठमोठ्यांच्या मागं बसले आणि एकदाही कुणाच्या पुढं गेले नाही. ह्याचा मला अभिमान होता.

आणि तिथंच घोटाळा झाला. गाणारा पहिली ओळ गायला. मी सवयीनं ती ओळ त्याच्या पाठोपाठ, अर्धा श्वास मागून, जशीच्या तशी वाजवली. दुसरी ओळ, पुन्हा तेच. तिसऱ्या ओळीला तो थांबला आणि मागं वळून बघायला लागला.

"कुणीतरी माझी नक्कल करतंय असं वाटतं," तो म्हणाला.

नर्स हसून हसून बासवर रेलली. माझे कान तापले. आमच्याकडे ह्यालाच दाद मिळते, हे कोण कुणाला सांगणार?

पुढं तर याहून वाईट झालं. त्यांच्यात एक रीत असते. कडवं संपलं की गाणारा बाजूला होतो आणि एकेक वादक पुढं येऊन गाण्याची चाल आपल्या परीनं वाजवतो. त्याला ते ब्रेक म्हणतात. ब्रेक संपला की मागं सरायचं, पुढचा पुढं येतो. कार्यक्रमात माइक एकच असतो, त्यामुळं ही ये-जा पायांनीच करायची. माझी पाळी आली. गाणारा बाजूला झाला आणि त्यानं मला मान हलवून खूण केली. आमच्याकडे गायक श्वास घ्यायला थांबला, की आपण त्याचीच शेवटची जागा हलकेच वाजवायची आणि तो परत येईपर्यंत रान राखायचं. मी ती जागा वाजवली. त्याच्याकडे बघितलं. तो काही परत येईना. पुन्हा वाजवली, पुन्हा बघितलं. तो हसून माझ्याकडेच बघत उभा. माझा गज तारेवरच थांबला आणि बाकीचे तिघं रिकाम्या जागेभोवती वाजवत फिरत राहिले.

मी घरी आले ती रागानं. ह्यांना म्हटलं, मी परत जाणार नाही तिथं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "बरं." त्या एका शब्दानं मी पुढच्या गुरुवारी गेले.

महिनाभर मी दिवसा घरात तेच करत राहिले. कुणी गायलं नसताना वाजवायचं. हे म्हणायला सोपं आहे. खोलीच्या मधोमध बसायचे, गज उचलायचे आणि वाटायचं, आधी कुणीतरी काहीतरी म्हणू दे. कुणीच म्हणत नव्हतं, एअर कंडिशनर सोडून. एकदा रडूही आलं. वीस वर्षं शिकून आपल्याला स्वतःचं एक वाक्य बोलता येत नाही, हे काही सुखाचं नव्हतं. आणि हळूच दुसरंही ध्यानात आलं. आमच्या घरातही हेच चाललं होतं. मी वाट बघत होते, हे कधीतरी म्हणतील, जाऊ नकोस. हे वाट बघत होते, मी कधीतरी म्हणेन, राहते. दोघंही साथीदार, मुख्य कलाकार आलाच नव्हता.

एकदा मी विचारलंच, "रेडिओला काय कळवू?"

"तुला योग्य वाटेल ते कळव," हे म्हणाले. "मी आडवा येणार नाही."

"आडवे या की जरा," मी म्हटलं.

ते गोंधळले. त्यांच्या मते ते फार चांगलं वागत होते. बायकोच्या नोकरीच्या आड न येणारा नवरा त्या काळात शोधून सापडला नसता, हे मलाही माहीत होतं. म्हणून तर भांडता येईना.

कार्यक्रमाच्या आधी माझ्या बैठकीचा प्रश्न निघाला. माइक उभ्या माणसांच्या तोंडाच्या उंचीला आणि मी जमिनीवर. उभं राहून मला वाजवता येत नव्हतं. घोट्याचा आधार गेला की डावा हात तारेवरून मोकळा फिरत नाही. बँजोवाल्यानं यार्डातून पाइपचे जोड येतात तसलं एक लाकडी खोकं आणलं, पाय ठोकून मजबूत केलं आणि माइकसमोर ठेवलं. त्यावर सतरंजी. माइकही थोडा खाली घेतला. मी चढून बसले तेव्हा व्हायोलिन बरोबर माइकच्या उंचीला आलं. सगळे खूश. तालमीला बसल्यावर मात्र माझ्या ध्यानात आलं, की बाकीच्या चौघांना पुढं येता येतं आणि मागं सरता येतं. मला उतरायचं तर साडी सावरून, कुणाचा तरी हात धरून उतरावं लागणार. म्हणजे कार्यक्रमभर मी माइकपुढंच. आयुष्यभर गायकाच्या डाव्या खांद्यामागं बसलेली बाई, आणि आता गाणाराच माझ्या खांद्यावरून वाकून गाणार.

"मला मागं ठेवा," मी बँजोवाल्याला म्हटलं.

"मागं काहीच ऐकू जात नाही," तो म्हणाला आणि नख्या वाजवत निघून गेला.

हॉल भरला होता. पुढं अमेरिकन कुटुंबं, मागं आमची भारतीय माणसं, गोवेकराचे बॅचलर मित्र भिंतीला टेकून उभे. हे तिसऱ्या रांगेत, हाताची घडी घालून. पहिली दोन गाणी मी नुसता आधार धरला. मँडोलिन पुढं यायचा, वाजवून मागं जायचा. बँजो यायचा, जायचा. ते सगळे माझ्याभोवती देवाभोवती फिरल्यासारखे फिरत होते आणि मला ऊठसूट सरकावंसं वाटत होतं. तिसऱ्या गाण्यात माझा ब्रेक होता.

गाणारा बाजूला झाला. मी त्याची शेवटची जागा वाजवली. सवयच ती. मग त्याच्याकडे बघायला मान वळवली, तर तो दिसेना. तो मुद्दाम खोक्याच्या मागं जाऊन उभा राहिला होता. बघायला कुणी नव्हतं, समोर नुसती माणसं. मी ती जागा पुन्हा घेतली आणि या वेळी तिथं न थांबता पुढं गेले. कुठं, ते मला माहीत नव्हतं. त्यांची चाल होती, तिच्यातच एक मींड आली, त्यांच्या डोंगरात नसलेली. खालच्या षड्जावर आले, तिथून उचललं, वरच्या पंचमाला गेले. ब्रेकची लांबी ठरलेली असते, ती संपली तरी मी थांबले नाही. मागून बँजोची आखूड तार सारखी जागा दाखवत होती, म्हणून हरवण्याची भीती नव्हती. नर्स बासवरून ओरडली, "चालू दे!" मी आणखी एक फेरी घेतली आणि माझ्या मनानं सम गाठली. गाणारा उशिरा शिरला, कारण तो ऐकत राहिला होता. टाळ्या वाजल्या हे मला नंतर कळलं. मला फक्त इतकं आठवतं की माझे हात अगदी स्थिर होते.

आम्ही घरी चालत आलो. त्या रस्त्यांवरून वर्षभरात इतकी चालले होते, पण ह्यांच्याबरोबर क्वचित.

"तू असं वाजवतेस हे मला माहीत नव्हतं," हे म्हणाले.

"मलाही नव्हतं."

थोडं चालून झाल्यावर म्हणाले, "आता तू जाणार."

"हो."

"मला वाटतं, जाऊ नयेस." ते थांबले. "वाटतं म्हणजे, नकोच जाऊस. मला इथं एकट्याला राहवणार नाही."

वर्षभर मी ह्याच वाक्यासाठी अन्न गोड लागू दिलं नव्हतं. ते आलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले. आणि तरीही मला जायचंच होतं. आधीच का नाही म्हणालात, असं मी विचारलं. ते म्हणाले, "तू नाराज होशील म्हणून." मला हसू आलं आणि त्यांनाही.

त्या देशातून बाहेर पडायला तेव्हा दोन तऱ्हेचे परवाने मिळायचे, कायमचं जायचं त्यांना एक, परत येणार त्यांना एक. ह्यांनी मला न विचारता परत येण्याचा काढून आणला. मी त्यांना दोन शब्द ऐकवले, पण पासपोर्ट हातात घेतल्यावर मला आतून धीर आला, हेही खरं.

परत येऊन रेडिओवर रुजू व्हायला गेले. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले, उद्यापासून अमक्या गायकांच्या रेकॉर्डिंगला बसा. मी म्हटलं, साथीला मी बसणार नाही. साथीच्या जागेचा माझा राजीनामा घ्या आणि एकल वादनाच्या ऑडिशनला माझं नाव लिहा. ते म्हणाले, "बाई, हातची नोकरी सोडून कशाच्या मागं लागताय? ऑडिशनमध्ये नापास झालात तर?" मी म्हटलं, पुन्हा देईन. ऑडिशन दिली. खोलीत तबलजी आणि मी. आधी कुणी गायलं नाही. मी सुरू केलं. निकाल यायला अवकाश होता.

त्याच आठवड्यात ह्यांचा ट्रंक कॉल आला. फोन शेजारच्या पोस्टमास्तरांच्या घरी, तिथं सगळी आळी गोळा झालेली, आणि लाइन अशी की आपण बोललेलं तिकडं पोचून उत्तर यायला मध्ये बराच वेळ जायचा.

"काय ठरवलंस?"

"नोकरी सोडली," मी ओरडून सांगितलं. "तिकडं येते. पण वर्षातून जेव्हा वाजवायला बोलावतील तेव्हा जाणार, आणि तिथंही वाजवणार, कुणी असो नसो. चालेल का ते विचारत नाहीये मी, सांगतेय. येऊ का, ते मात्र विचारतेय."

मग नुसती खरखर. पोस्टमास्तरांची बायको पदराशी खेळत माझ्या तोंडाकडे बघत होती. तेवढ्या वेळात मला कळून चुकलं, की वाजवू नकोस म्हणाले असते तरी मी वाजवणारच होते; पण ये म्हणाले नसते तर मी तिथंच, त्या लोकांसमोर, मोडून पडले असते.

"ये," ह्यांचा आवाज आला. "विमान कधीचं ते कळव. मी घ्यायला येतो."